सेमिनोल पॅचवर्कचे जाकीट : विकत घ्यावे का, शिवून पाहावे का?

सुईदोरा :
नमस्कार. मी फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलजवळ राहते. मागच्या रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात सेमिनोल या इथल्या आदिवासी जमातीच्या पॅचवर्कचे, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या कामाचे, एक जाकीट पाहिले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. छातीवर आणि बाह्यांवर आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत लाल, पिवळ्या आणि काळ्या कापडाचे नखाएवढे चौकोन तिरके बसवलेले, आणि सगळी टीप मशीनची. विक्रेता म्हणाला की ही शेकडो वर्षांची प्राचीन कला आहे. पण शेकडो वर्षांपूर्वी यांच्याकडे शिलाई मशीन कोठून आले, हा प्रश्न काही मनातून जाईना. माझी आजी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत असे, त्यामुळे चिंध्यांचे काम पाहिले की हात शिवशिवतात. हे जाकीट अस्सल आहे हे कसे ओळखावे, आणि असा नमुना मी घरी गोधडीवर शिवला तर ते गैर ठरेल का, हे जाणकारांनी सांगावे.

पाणथळ :
ताई, तुमची शंका रास्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेमिनोल कुटुंबे अ‍ॅलिगेटरची व पाणमांजराची कातडी आणि बगळ्यांची पिसे व्यापाऱ्यांना देत व बदल्यात सुती कापड, काचेचे मणी आणि हाताने फिरवायचे शिलाई मशीन घेऊन होडीने एव्हरग्लेड्स या दक्षिण फ्लोरिडातील दलदलीच्या प्रदेशात परतत. तुमच्याच गावात न्यू नदीच्या काठी फ्रँक स्ट्रॅनहन हे १८९३ पासून असा व्यापार करीत होते. त्यांचे घर आज संग्रहालय आहे, तेवढे तरी पाहून या. पुढे पिसांच्या व्यापारावर बंदी आली, कातड्यांचा बाजार बसला, दलदलीचे पाणी कालवे खणून काढून टाकले गेले आणि शिकारीवरची उपजीविका संपत आली. नेमक्या त्याच सुमारास मायामीत हिवाळी पर्यटक येऊ लागले होते आणि त्यांना ‘इंडियन’, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे, खेडे पाहायचे होते. मूसा आयल येथे आणि कॉपिंजर यांच्या बागेत तिकीट काढून लोक सेमिनोल कुटुंबांना स्वयंपाक करताना, शिवताना पाहत; अ‍ॅलिगेटरशी कुस्तीचा खेळही तिथलाच. १९२८ मध्ये टामियामी ट्रेल हा रस्ता खुला झाल्यावर अशी खेडी रस्त्याच्या कडेलाही उभी राहिली.

पॅचवर्क याच काळातले, साधारण १९१० नंतरचे. रंगीत कापडाच्या लांब पट्ट्या आधी एकमेकींना जोडायच्या, तयार झालेला पट्टा आडवा कापून त्याचे बारीक तुकडे करायचे, ते तुकडे एकेक घर खाली सरकवून पुन्हा शिवायचे आणि वरची-खालची टोके छाटली की तिरक्या चौकोनांची फीत तयार होते; ही फीत मग घागऱ्यात किंवा सदऱ्यात बसवतात. हाताने हे होणारच नाही असे नाही, पण मशीनशिवाय ते इतक्या बारीक मापात आणि इतक्या झपाट्याने वाढले नसते. पाऊस, वीज, अग्नी अशी नमुन्यांची नावे आहेत. सेमिनोल बायका हे कपडे आधी स्वतःच्या घरासाठी शिवत आणि उरलेले विकत, म्हणून त्याला निव्वळ पर्यटकी माल म्हणणे मला पटत नाही.

ओळखायचे झाल्यास आतली बाजू पाहा. प्रत्येक चौकोन स्वतंत्र तुकडा असेल तर पाठीमागे शिवणींचे जाळे दिसते. छापील नक्कल असेल तर आत काहीच नसते. अस्तर लावलेले असले, तर मात्र बोटांनी चाचपून शिवणीचा उंचवटा शोधावा लागतो.

जुनी पाने :
वरील माहिती उत्तम आहे, पण लोकांचे कुतूहल कापडापाशीच थांबते, हे मला खटकते. सेमिनोलांचा लढवय्या नेता ओसिओला याचेच पाहा. १८३७ च्या ऑक्टोबरात तो पांढरे निशाण घेऊन बोलणी करायला आला असताना अमेरिकी सैन्याच्या जनरल जेसप यांच्या हुकमाने त्याला पकडण्यात आले. कैदेत असतानाच जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने त्याचे चित्र काढले, आणि त्यानंतर लवकरच, ३० जानेवारी १८३८ रोजी, तो साउथ कॅरोलायनातील फोर्ट मोल्ट्री येथे वारला. ज्या देशाने त्याला दगा दिला, त्याच देशात आज फ्लोरिडा, मिशिगन आणि आयोवा या तिन्ही राज्यांत त्याच्या नावाचे जिल्हे आहेत! १८५८ पर्यंत सेमिनोल आणि अमेरिकी सैन्य यांच्यात तीन युद्धे झाली, बहुतेक लोकांना आजच्या ओक्लाहोमात हाकलण्यात आले आणि जेमतेम काही शे माणसे दलदलीत टिकून राहिली. त्यांचे वंशज स्वतःला ‘न जिंकले गेलेले’ म्हणवतात, ते याच अर्थाने. ओक्लाहोमाच्या सेमिनोलांचे राष्ट्र वेगळे आहे आणि फ्लोरिडातही १९५७ मध्ये मान्यता मिळालेली सेमिनोल जमात आणि १९६२ ची मिकोसुकी जमात असे दोन भाग आहेत, हेही खरेदी करताना लक्षात ठेवावे.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात हार्ड रॉक कॅफेत बसून आलेल्यांना ठाऊक नसते की २००७ मध्ये तो सगळा व्यवसाय याच फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीने सुमारे ९६ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतला. तेव्हा ‘बिचारे कारागीर’ ही भूमिका घेऊन कोणी खरेदीला जाऊ नये.

पाणथळ :
हे मान्य आहे, फक्त त्या पैशामुळे शिवणाऱ्या बाईच्या मजुरीची घासाघीस करायला कोणी मोकळे होत नाही. गोधडीच्या प्रश्नाबद्दल : १९९० च्या संघीय कायद्याने बाहेरच्याने बनवलेली वस्तू आदिवासींची म्हणून विकणे हा गुन्हा आहे, घरच्या गोधडीला त्यामुळे अडचण येऊ नये. मात्र दोन्ही कामे एकच आहेत असे समजू नका. आजीची गोधडी जुने लुगडे वाया जाऊ नये म्हणून शिवलेली असते, तर हे काम नवे कापड मुद्दाम बारीक कापून केलेले असते. बिग सायप्रस या सेमिनोलांच्या राखीव वसाहतीत जमातीचेच आ-ता-थी-की संग्रहालय आहे, ते १९९७ मध्ये सुरू झाले. तिथले कपडे पाहून मगच कात्री हातात घ्या. तिथे ग्रीन कॉर्न डान्सची चौकशी मात्र करू नका. तो त्यांचा खासगी विधी आहे, पाहुण्यांसाठी नाही.

सुईदोरा :
दोघांचेही आभार. काल पुन्हा बाजारात गेले. जाकिटाला अस्तर आहे, पण चाचपल्यावर प्रत्येक चौकोनाची कड बोटांना लागली. कोणी शिवले, असे विचारले तर विक्रेता ‘एका इंडियन बाईने’ एवढेच म्हणाला आणि किंमत वीस डॉलरने उतरवली. मी अजून घेतलेले नाही. पुढच्या शनिवारी आधी बिग सायप्रसला जाऊन येते.