आठवीच्या मुलांना पाणलोट आणि पाण्याची गुणवत्ता प्रत्यक्ष प्रयोगांतून कशी शिकवावी?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, पुरंदर तालुका)

आमच्या शाळेमागचा ओढा पुढे कऱ्हा नदीला मिळतो. गेल्या वर्षी शाळेला टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेले आहेत ते दाखवणारे उपकरण) भेट मिळाला, तेव्हा मुलांनी घरोघरचे आणि विहिरींचे पाणी तपासून आकड्यांचा तक्ता तयार केला. परंतु हे आकडे असे का आले, या माझ्या प्रश्नावर सारा वर्ग गप्प राहिला. त्याहून काळजीची गोष्ट अशी, की ज्या विहिरीच्या काठावर जनावरे धुतली जातात तिचा टीडीएस ३५० आल्याने ते पाणी पिण्यास उत्तम आहे, असे काही मुलांनी घरी सांगितले. यंदा जूनपासून पुन्हा सुरुवात करायची आहे. मोठा खर्च न करता हे सारे कोणत्या क्रमाने शिकवावे?

उत्तर १ (भूगोल शिक्षक, बारामती)

मॅडम, कऱ्हेच्या खालच्या अंगाला राहणारा म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा वाटला. पहिले दोन आठवडे मीटर कपाटातच ठेवा. कागद चुरगाळून अर्धवट उलगडा, त्याच्या उंच कडांवर धुऊन जाणाऱ्या शाईच्या पेनाने रेघा ओढा आणि वरून पाण्याचा बारीक फवारा मारा. शाई कोणत्या घडीतून उतरते आणि कोठे साचते, हे दिसले की पाणलोट म्हणजे जिथले पाणी वाहत एकाच ओढ्याला येऊन मिळते ते क्षेत्र, ही व्याख्या मुले स्वतःच सांगतात. त्यानंतर मुलांना घेऊन ओढ्याच्या माथ्यापर्यंत चालत जा आणि वाटेतली शेते, गोठे, उकिरडे, बांध व सलग समतल चर (पाणी अडवून मुरवण्यासाठी उताराला आडवे खणलेले चर) त्यांच्याच हाताने नकाशावर नोंदवून घ्या. हाच ओढा कऱ्हेतून नीरेला, नीरेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळत बंगालच्या उपसागरापर्यंत जातो, हे तिथे उभे राहून सांगितले की मुलांना खरे वाटते.

पावसाचे गणितही अवश्य घ्या. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. त्यामुळे २०० चौरस मीटरच्या पत्र्यावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर ८०,००० लिटर पाणी पडते. अवर्षणाशी झगडणाऱ्या तुमच्याच तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचे, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी समन्यायाने वाटून घेण्याचे, काम उभे केले. मुलांना त्या परिसरात एकदा जरूर न्यावे.

उत्तर २ (भूजल क्षेत्रातील निवृत्त तंत्रज्ञ)

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तीवरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड यांच्याबद्दल तो स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही, म्हणून तुमच्या विहिरीचे ३५० हे पाणी निर्धोक असल्याचे प्रमाण नव्हे. भारतीय मानकानुसार टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढे सवलत नाही.

खडकाचा भाग वगळू नका. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पाणी मुख्यतः झिजलेल्या मुरमात आणि भेगांत राहते, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचे पाणी वेगळे निघू शकते. मुलांना चार-पाच विहिरी ठरवून द्या आणि पाण्याची पातळी ऑक्टोबरमध्ये व मे महिन्यात मोजायला लावा. वजन बांधलेली टेप शिक्षकाने सोडावी, मुलांनी कठड्यापासून दूर उभे राहून नोंद घ्यावी आणि कठड्याची उंची वजा करावी. नमुने पहिल्या मोठ्या पावसाआधी आणि नंतर, तसेच ओढ्यावर वस्तीच्या वर आणि खाली, असे जोडीने घ्यावेत. एकटा आकडा मुका असतो. दोन आकड्यांत फरक दिसला की मुले आपला नकाशा उघडून कारण शोधू लागतात.

जंतूंसाठी एचटूएस बाटली (जंतू असल्यास पाणी काळे करणारे रसायन आत असलेली तपासणीची बाटली) वापरता येईल. पाणी भरून उबेला ठेवल्यावर २४ ते ४८ तासांत ते काळे पडले, तर विष्ठेच्या प्रदूषणाची दाट शंका घ्यावी. विहिरीत नुकतीच टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकली असेल तर निकाल फसवा येतो. वापरलेली बाटली मुलांच्या हाती देऊ नये. शिक्षकाने त्यात ब्लीचिंगचे द्रावण घालून मगच ती टाकावी.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एकच शंका उरते: एखाद्या कुटुंबाच्या विहिरीची बाटली काळी पडली, तर वर्गात ते कसे सांगावे?

उत्तर ३ (जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्याच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणारा कर्मचारी, सातारा जिल्हा)

ताई, तक्त्यात मालकाचे नाव न लिहिता विहिरीला क्रमांक द्या. निकाल आधी त्या कुटुंबाला तुम्ही स्वतः जाऊन सांगा, तोपर्यंत पाणी उकळून प्यायला सांगा आणि ग्रामपंचायतीला कळवून अधिकृत प्रयोगशाळेत नमुना पाठवायची विनंती करा. आमच्या गावात शुद्धीकरण झाल्यावर मुले माझ्याबरोबर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात जंतुनाशक क्लोरीन आहे का याची तपासणी, पाहायला आली होती. परीक्षानळीत क्लोरीन असल्याचा पिवळा रंग उमटला, तेव्हा त्या घरचा मुलगा सर्वांत पुढे उभा होता.