मदत हवी आहे: पोलिसांची झडती आणि आपले हक्क, आठवी ते दहावीच्या मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात एका वस्तीवर मी संध्याकाळची अभ्यासिका चालवते. आठवी ते दहावीची मुलं-मुली येतात, बरीचशी पारधी घरांतली. मध्यंतरी दहावीतल्या एका मुलाला रात्री नाकाबंदीत थांबवलं, खिसे तपासले, फोनचं लॉक काढायला लावून फोटो-चॅट चाळले आणि काही सापडलं नाही तेव्हा सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी अभ्यास बाजूलाच राहिला. "ताई, असं करता येतं का त्यांना?" या प्रश्नाचं मला खरं उत्तर द्यायचं आहे, नुसता धीर नाही.

अडचण अशी, की मुलांकडे एक उत्तर आधीच तयार आहे आणि ते अमेरिकेचं आहे. रील्स आणि वेब सिरीज बघून "वॉरंट दाखवा" हे तोंडपाठ झालंय. तिथे १७९१ पासून विनाकारण झडतीपासून संरक्षण देणारी चौथी घटनादुरुस्ती आहे. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा सहसा कोर्टात चालत नाही, आणि २०१४ च्या निकालापासून अटकेतल्या माणसाचा फोन बघायलाही बहुतेक वेळा वॉरंट लागतं. आपल्या राज्यघटनेत झडतीबद्दल असं वेगळं कलम नाही. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते सांगितलं होतं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे पक्कं झालं, ही फार मोठी गोष्ट. तरी झडतीत नियम मोडला म्हणून सापडलेला पुरावा आपल्याकडे आपोआप बाद होत नाही. हे सांगितलं की मुलं म्हणतात, मग हक्कांचा उपयोग काय? मला ते तिथे सोडायचं नाही, कारण उपयोग आहेच.

आतापर्यंत एवढं शिकवलंय: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही (कलम २०(३)). अटकेचं कारण सांगावं लागतं, वकिलाशी बोलू द्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं (कलम २२). १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे घराच्या झडतीला दोन स्वतंत्र पंच हवेत, घरातल्या माणसाला हजर राहू द्यायचं, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत त्याला द्यायची, आणि आता या सगळ्याचं चित्रीकरणही बंधनकारक आहे. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. हे ऐकून मुली ताठ बसल्या, ते बघून फार बरं वाटलं.

पण वस्तीतली भीती पुस्तकातली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मापासून शिक्का मारला, त्यांत पारधीही होते. कायदा १९५२ साली गेला. आजूबाजूला चोरी झाली की गाडी अजून आधी आमच्या वस्तीकडे वळते. आज्या नातवंडांना सांगतात, पोलीस दिसले की पळ. मी सांगते, पळू नका. आणि मुलं विचारतात, "थांबून बोलायचं काय?"

माझा प्रश्न नेमका हाच आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने रस्त्यात, अंधारात, चार जणांसमोर उभं राहून कोणतं वाक्य बोलावं, जे हक्काचंही असेल आणि अंगाशीही येणार नाही? कुणी असा वर्ग घेतलाय का? नाट्यरूपात करून घेतलाय का?

प्रतिसाद १

ताई, मी फौजदारी वकिली करतो. "वॉरंट दाखवा" खरंच विसरायला लावा. तपास चालू असताना तातडीचं असेल तर वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण कारणं आधी लेखी नोंदवावी लागतात. मात्र गुन्ह्याचा तपास नसताना, नुसत्या नाकाबंदीत कुणाचेही चॅट वाचायची सरसकट मुभा या संहितेत नाही. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांचं अजून एकमत नाही, त्यामुळे मुलांना तिथे हटून बसायला शिकवू नका.

वाक्य विचारलंत, तर हे घ्या: "साहेब, मी सोळा वर्षांचा आहे. आईला फोन लावू द्या, ती आली की सगळं सांगतो." वय आधी सांगायचं, कारण अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात देऊन २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांत बेड्या घालू नयेत, जबाबावर सही घेऊ नये असंही आहे. आणि साक्षीदार म्हणून "जबाबाला ठाण्यावर ये" असं पंधराच्या आतल्या मुलाला किंवा कुठल्याही वयाच्या मुलीला सांगता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यायचा.

प्रतिसाद २

मी बालहक्कांचं काम करते. मुलगा वय सांगेल, पण दाखवेल काय? कायद्यात शाळेच्या दाखल्यावरची किंवा दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख आधी बघतात, ते नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. पारधी वस्त्यांत जन्मदाखले नसतातच कितीतरी मुलांचे. म्हणून प्रत्येकाचं बोनाफाईड काढून घ्या, त्याचा फोटो आईच्या फोनमध्ये ठेवा. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि विधी सेवेचा १५१०० हे नंबर पाठ करून घ्या. मुलांना मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न बघत नाहीत.

धागाकर्ती

दादा, ताई, मनापासून आभार. वाक्य आजच फळ्यावर लिहिते आणि प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणून घेते, आवाज न चढवता. बोनाफाईडसाठी सोमवारी मुख्याध्यापकांना भेटते. एक विनंती: रविवारी अभ्यासिकेत झडतीचा प्रयोग करणार आहोत, पंच, यादी, चित्रीकरण सगळं. आयांनाही बोलावलंय. पोलिसांची भूमिका मुलांनीच करू नये असं मला वाटतं. सोलापुरातले कुणी निवृत्त पोलीस कर्मचारी, शक्यतो बाई, दोन तास देऊ शकतील का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.