दोघांपुरती कोंबडी

मोठी मावशी: काव बाई, पोरानं धाडलेला तो लाइनवर हळूहळू शिजवाचा स्लो कुकर खोक्यातच हाय का अजून? उद्या पोळ्याची कर हाय. श्रावण सरला, कोंबडी होईन का नाही?

आई: खोक्यात काऊन राहीन? आखाडात तीनदा केली त्यात. पयल्या खेपी पार पाणचट झाली. गंजात टाकतो तसं दोन गिलास पाणी टाकलं होतं. त्यात पाणी आटतच नाही, कोंबडीलेच सुटते. आता अर्धी वाटी, बस.

वहिनी: आई, दोघांसाठी किती घेता? माझा सहा लिटरचा आहे, अर्धा किलो केलं की कडेनं करपतं.

आई: निदान अर्धं तरी भरलं पाहिजे भांडं. आमचं दीड लिटरचं. पाऊण किलो गावरान अन् दोन आलू. आलू तळाशी ठेवजो, ते मासापेक्षा उशिरा शिजते.

मामा: तर्री येते का पण?

आई: मसाला कच्चा टाकला त नाही येत. त्याची आच उकळीच्या वर जात नाही, कांदा लाल होईन कसा? कांदा, खोबरं, खसखस, दगडफूल, धने, सारं भाजून पाट्यावर वाटतो. जवसाच्या तेलात तेल सुटेपर्यंत परततो, कोंबडी त्यात फिरवतो, मंगच कुकरमध्ये. भाजलेलं ज्वारीचं पीठ एक चमचा, शेवटच्या अर्ध्या तासात. आधी टाकलं त तळाले बसते.

दादा: फ्रीझरमधली कोंबडी तशीच टाकू नको. आतून तापायला फार वेळ लागतो, तेवढ्यात खराब होते. आणि झाकण उघडू नका, एकदा उघडलं की वीस मिनिटं वाढतात.

आई: तुह्या बाबाले सांग. वास सुटला की उचललंच झाकण.

काकू: टाइम किती लागते?

आई: गावरानीले लो वर सात-आठ तास. ब्रॉयलर चारात होते, जास्त ठेवली त भुगा.

मोठी मावशी: अन् लाइन गेली त?

आई: थेच सांगाचं होतं. तिसऱ्या खेपी सकाळी आठले लावून मी निंदणाले गेली. पाचले आली त भांडं कोमट, दिवा बंद. शेजारीण म्हणे दहाले लाइन गेली, बाराले आली. कुकर काही आपोआप चालू झाला नाही. हे म्हणे गॅसवर उकळून घेऊ. मी ऐकलं नाही. अर्धकच्ची कोंबडी दिवसभर कोमट, उकळून काय होते? बांधाजवळ गड्डा करून पुरली. घरची तलंग होती, लय जीव तुटला. आता घरी असलो तरच लावतो. लाइन गेली की तेव्हाच काढून प्रेशर कुकरमध्ये.

वहिनी: बरोबर केलंत.

मोठी मावशी: मंग उद्या घरीच ना? येतो आम्ही चौघं.

आई: या ना बाई! पण मंग चूल पेटवा लागन. सकाळीच येजो, वाटण तुह्या हातचं पाह्यजे.