मदत हवी आहे: मनात बसलेला संशय कसा काढू?

प्रभूमध्ये सलाम. कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये लोकांनी अर्पण केलेल्या भाजी-फळांचा लिलाव होता. माझा दुधी 60 रुपयांवर अडला होता, तेवढ्यात एका ताईंनी थेट 1000ची बोली लावली आणि माझ्याकडे बघून हसल्या. मागे आमची जरा बाचाबाची झाली होती. मला वाटलं, मुद्दाम श्रीमंती दाखवतायत. भायखळ्याहून घाटकोपरपर्यंत लोकलमध्ये तेच डोक्यात, आणि घरी आल्या आल्या जावेलाही सांगून मोकळी झाले!

बायबलमधलं, मत्तय 7 मधलं कुसळ-मुसळ, म्हणजे दुसऱ्याचे दोष काढू नका, हे लहानपणापासून पाठ आहे. पण योहान 7:24 मध्ये प्रभू यथार्थ न्याय करा असंही सांगतो. मग कृत्य पारखायचं, हेतू मात्र हृदय पाहणाऱ्या देवावर सोडायचा, असंच ना?

अडचण पुढे आहे. मत्तय 18:15 प्रमाणे एकांतात जाऊन बोलावं, तर ते भावाने, म्हणजे मंडळीतल्या कुणी, अपराध केल्यावर. इथे अपराध कुठला? नुसता माझा अंदाज. "का हसलात?" असं विचारू? की आधी जावेपाशी माझे शब्द मागे घेऊ? त्या ताईंना काहीच माहीत नसताना त्यांची माफी मागणं बरं दिसेल का? अशातून गेलेल्यांनी सांगा. रविवारी त्या माझ्याच बाकावर असतात.