आमदारकी न सोडता लोकसभेचा अर्ज भरू द्यावा काय?

चिक्कोडीकर: आमदाराने आमदारकी न सोडता लोकसभा लढवली तर जनतेचे काहीच बिघडत नाही, कारण निवडून देणारा मतदारच असतो, असे काल येथे एका गृहस्थांनी लिहिले. ते वाचून राहवले नाही. २०१४ मध्ये आमच्या कर्नाटकात प्रकाश हुक्केरी आमदारकीची चार वर्षे शिल्लक असताना चिक्कोडीचे खासदार झाले, चिक्कोडी-सदलगा मतदारसंघ रिकामा पडला आणि ऑगस्टमधील पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव गणेश हुक्केरी निवडून आले. खर्च सरकारी तिजोरीतून झाला. आमच्या गावच्या ओढ्यावरील मंजूर मोरीचे काम आचारसंहितेचे कारण सांगून लांबवण्यात आले. ज्याला दुसरे पद हवे आहे, त्याने अर्ज भरण्यापूर्वीच पहिले सोडावे.

टिळकवाडी (बेळगाव शहर): रोगापेक्षा इलाज भयंकर आहे. आजच्या नियमानुसार खासदार झालेल्या आमदाराला निकाल राजपत्रात आल्यापासून चौदा दिवसांत आमदारकी सोडावी लागते, अन्यथा खासदारकी जाते. म्हणजे पोटनिवडणूक तो जिंकला तरच होते. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत यमकनमर्डीचे आमदार सतीश जारकीहोळी मंगला अंगडी यांच्याकडून ५,२४० मतांनी हरले आणि आमदार म्हणून कायम राहिले. आपला नियम असता, तर ते हरूनही यमकनमर्डीच्या लोकांना पुन्हा मतदान करावे लागले असते. शिवाय भर पावसाळ्यात मोरीचे काम कोणता ठेकेदार सुरू करतो?

चिक्कोडीकर: निविदा ऑगस्टमध्ये निघाली असती, तर काम दसऱ्यानंतर लगेच सुरू झाले असते. आमच्या शाळकरी मुलांनी पुढचा पावसाळाही त्याच पाण्यातून काढला. शहरात राहून या गोष्टीची थट्टा करू नये.

खानापूर: आपण दोघेही एका आमदाराच्या रिकाम्या जागेवरून भांडत आहात, ती जागा कायद्याने सहसा सहा महिन्यांत भरावी लागते. आमच्या जिल्हा पंचायतीची आणि तालुका पंचायतीची मुदत २०२१ मध्ये संपली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे निवडणूकच न होता कारभार अधिकाऱ्यांच्या हाती राहिला, त्याविषयी कोणाला चीड का येत नाही? माझ्या वडिलांना उताऱ्यातील नाव दुरुस्त करायचे होते. सगळे कागद कन्नडमध्ये, त्यांना वाचता येते फक्त मराठी. पूर्वी असे काम अडले की ते तालुका पंचायतीच्या सदस्याकडे जात, तो मराठीत ऐकून घेई आणि सोबत कचेरीत येई. या वेळी कोणाकडे जावे हेच त्यांना कळेना. महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे सीमाभागातील मराठी माणसांच्या पक्षाचा, आमदार निवडून येणे अवघड झाले आहे. मराठी माणसाला पंचायत तेवढी आवाक्यातली होती.

निपाणी: प्रत्येक चर्चा सीमाप्रश्नाकडे नेण्याची ही सवय आता पुरे. उत्तर कर्नाटकातील कन्नड शेतकऱ्याचीही पंचायत तशीच रिकामी राहिली.

खानापूर: त्याची राहिली हे मान्य, परंतु त्याला नोटीस वाचता येते. हा फरक आपल्याला सवय वाटत असेल, तर आपण निपाणीच्या बाजारपेठेबाहेर येऊन सीमेवरची खेडी पाहावीत.

निपाणी: मी खेड्यातच शिक्षक होतो आणि मराठी शाळेचे वर्ग रिकामे होताना पाहिले आहेत, तेव्हा मला हे शिकवू नये. मूळ मुद्द्यावर माझे मत चिक्कोडीकरांच्या विरुद्ध आहे. आधी राजीनामा सक्तीचा केला, तर मोठे नेते स्वतःची जागा धरून ठेवतील आणि घरातले माणूस उभे करतील. २०२४ मध्ये कायदा नसतानाही हेच झाले: मंत्री सतीश जारकीहोळी यांच्या कन्या प्रियांका चिक्कोडीतून आणि मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांचे पुत्र मृणाल बेळगावातून उभे राहिले. घरात वारस नसलेला एखादा प्रामाणिक आमदार मात्र अडकून पडेल.

टिळकवाडी: आणि मतदार शिक्षाही करतो. २०२४ मध्ये बसवराज बोम्मई हावेरीचे खासदार झाल्यावर त्यांनी सोडलेल्या शिग्गावच्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र हरले, तसेच खासदार झालेल्या कुमारस्वामींनी सोडलेल्या चन्नपट्टणला त्यांचे पुत्र निखिलही हरले.

चिक्कोडीकर: त्याच दिवशी संडूरला, तेथील आमदारकी सोडून खासदार झालेल्या तुकाराम यांच्या पत्नी निवडून आल्या, तेही लिहावे. हरणाऱ्याच्या बाबतीतला आपला मुद्दा मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. यमकनमर्डीचे उदाहरण खोडता येत नाही. परंतु दोन जागा जिंकून एक सोडणाऱ्याकडून विधानसभेसाठी पाच लाख आणि लोकसभेसाठी दहा लाख रुपये घ्यावेत, असे निवडणूक आयोगाने २००४ मध्येच सुचवले होते. तोच न्याय खासदार होऊन आमदारकी सोडणाऱ्यालाही लावावा, आणि रक्कम पोटनिवडणुकीच्या प्रत्यक्ष खर्चाएवढी असावी. याला विरोध असेल तर तो कारणासह सांगावा.

खानापूर: माझा विरोध नाही. फक्त तो पैसा बेंगळुरूच्या तिजोरीत न जाता त्याच तालुक्याच्या पंचायतीला मिळावा, आणि तो स्वीकारायला तेथे निवडून आलेला सदस्य असावा.