शब्दचर्चा: स्कॅनरच्या पडद्यावरचा 'कृष्णधवल'

मूळ प्रश्न
स्कॅन करण्याच्या एका खुल्या प्रोग्रामचं मराठीकरण करते आहे. यादीत तीन शब्द आले: 'लाइनआर्ट', 'बायनरी', 'ब्लॅक अँड व्हाइट'. मी अनुक्रमे 'रेषाचित्र', 'द्विमान' आणि 'कृष्णधवल' लिहून मोकळी झाले. नंतर कळलं की तिन्हींचा अर्थ एकच. प्रत्येक ठिपका काळा नाहीतर पांढरा, अधलंमधलं काही नाही. वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी (म्हणजे ते ते स्कॅनर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांनी) आपापलं नाव दिलंय, इतकंच. तिन्हींना एकच शब्द द्यावा का? कोणता?

प्रतिसाद
एकच द्या, पण 'कृष्णधवल' अजिबात नको. कृष्णधवल चित्रपट म्हटलं की आपल्याला करड्या छटाच आठवतात. स्कॅनरच्या भाषेत ती पद्धत वेगळी आहे: ठिपक्यामागे ८ बिट, म्हणजे २५६ छटा. तुमच्या तीन शब्दांमध्ये ठिपक्यामागे एकच बिट. आजोबांचा जुना फोटो स्कॅन करणारा माणूस 'कृष्णधवल' वाचून हमखास तेच निवडेल आणि चेहऱ्याच्या जागी काळे डाग येतील. फाइलच्या आकारातही केवढा फरक! ए४ कागद दर इंची ३०० ठिपक्यांनी स्कॅन केला तर २४८० × ३५०८ ठिपके होतात. करड्या छटांत, फाइल न आवळता (कॉम्प्रेस न करता), सुमारे ८७ लाख बाइट. एका बिटात जेमतेम ११ लाख.

'फक्त काळा-पांढरा' आणि 'करड्या छटा' अशी जोडी सुचवतो. 'फक्त' हा शब्द गाळू नका, सगळा अर्थ त्याच्यात आहे.

मूळ प्रश्नकर्ती
'फक्त' पटलं. पण ड्रायव्हरने वेगळी ठेवलेली नावं भाषांतरात एक करणं हा आगाऊपणा नाही ना?

प्रतिसाद
नाही. लिनक्सवर प्रोग्राम आणि स्कॅनर यांना जोडायला 'सेन' (SANE) नावाची प्रणाली वापरतात, तिची रचना पाहा. प्रत्येक सेटिंगला एक आतलं नाव असतं आणि एक दिसणारं शीर्षक. आतलं नाव प्रोग्रामसाठी, ते कधीच भाषांतरित होत नाही. शीर्षक माणसासाठी. रेझोल्यूशन (दर इंची किती ठिपके), प्रीव्ह्यू आणि स्कॅनक्षेत्राचे दोन कोपरे (वरचा डावा, खालचा उजवा) यांची आतली नावं 'सेन'च्या प्रमाण नियमांतच ठरवून दिलेली आहेत. म्हणून कुठलाही प्रोग्राम, स्कॅनर कुठलाही असो, प्रीव्ह्यूवर चौकट आखू शकतो. रंगपद्धतीत काय निवडता येईल ते मात्र ड्रायव्हर स्वतःच्या शब्दांत सांगतो, गोंधळ तिथेच होतो. खरी दुरुस्ती ड्रायव्हरांमध्येच व्हायला हवी, आणि ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. तोवर निदान मराठी वाचणाऱ्याला तरी तीन स्कॅनरांवर एकच शब्द दिसू दे.

आणखी एक प्रतिसाद
'ऑप्शन'ला सगळीकडे 'पर्याय' लिहिलंय का? मराठीत पर्याय म्हणजे एकाऐवजी दुसरं. रेझोल्यूशन हा पर्याय नव्हे, १५०, ३०० आणि ६०० हे पर्याय. 'सेन'मध्ये ज्याला ऑप्शन म्हणतात ते आपलं 'सेटिंग'. दोन्हींना 'पर्याय' म्हटलं तर 'या पर्यायासाठी पर्याय निवडा' असली वाक्यं तयार होतात.

'थ्रेशोल्ड'ला 'उंबरठा' ठेवा. ठिपक्याचा उजेड उंबरठ्याच्या खाली तर काळा, वर तर पांढरा. शब्दातूनच सेटिंग समजतं.

मूळ प्रश्नकर्ती
'पर्याय' खरंच सगळीकडे लिहिलाय, बदलते. 'उंबरठा' घेतला. कागद कुठून घ्यायचा त्या सेटिंगमध्ये 'फ्लॅटबेड'ला 'सपाट मंच' लिहिलं होतं, तेही आता खुपतंय.

प्रतिसाद
मंच कशाला? 'काचेवरून' आणि 'फीडरमधून' (फीडर म्हणजे कागद आपोआप आत ओढणारा भाग). कागदाच्या दोन्ही बाजू घ्यायच्या असतील तर 'फीडरमधून, दोन्ही बाजू'. विभक्ती लावली की सेटिंगचं नाव न वाचताही कळतं.