दीड फुटात ब्रेक पॅड बदलता येतील का?

दादरला स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधलं) आहे, खांबापर्यंत दीड फूट जागा. पुढचे पॅड घरी बदलता येतील?

— येतील. आधी चाकाचे नट सैल करा, मग जॅक लावा, खाली जॅक स्टँड (गाडी पेलणारा टेकू) हवाच. चाक काढा. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बाहेरच्या बाजूला येईल असं स्टिअरिंग वळवा. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला. तो होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लटकवू नका. जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पने (दाबपट्टीने) कॅलिपरचा पिस्टन हळूहळू आत दाबा, मग नवे पॅड बसवा. रिझर्व्हायर (ब्रेक ऑइलची टाकी) काठोकाठ असेल तर थोडं ऑइल सिरिंजने आधी काढा, सांडलं तर गाडीचा रंग जातो.

— आतला पॅड जास्त झिजलाय? बहुधा स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) अडकलीय. आपल्या पावसाळ्यात हे नेहमीचंच. सिलिकॉन ग्रीस लावा.

— गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही.